लोणी बुद्रुक आणि ३२ बाइट

वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात लोणी बुद्रुक हे गाव आहे. संत सखाराम महाराजांच्या संस्थानामुळे आणि तिथे भरणाऱ्या यात्रेमुळे गावाचे नाव तालुक्याबाहेरही ठाऊक आहे. हे नाव युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीने संगणकात साठवले, तर त्याला ३४ बाइट लागतात. मोजून पाहा: ल, ओकार, ण, ईकार, मग मोकळी जागा, मग ब, उकार, द, हलन्त, र, उकार, क. देवनागरीची अकरा चिन्हे प्रत्येकी ३ बाइट घेतात आणि मोकळी जागा एक. सी भाषेत मजकूर कुठे संपला हे सांगण्यासाठी शेवटी शून्याचा एक बाइट ठेवावा लागतो, तो धरून ३५. ज्याने आपल्या प्रोग्रॅममध्ये गावाच्या नावासाठी ३२ बाइटांची जागा राखली असेल, त्याच्याकडे केनवड बसेल, रिठद बसेल, मांगुळ झनकही शेवटच्या शून्यासह २९ बाइटांत बसेल. लोणी बुद्रुक बसणार नाही. रोमन लिपीत तेच नाव ११ बाइटांत मावते, त्यामुळे रोमन नावे घालून चाचणी घेणाऱ्याला ही अडचण दिसतही नाही.

लेखाचा विषय मात्र या नावाच्या लांबीपेक्षा मोठा आहे. प्रोग्रॅम चालत असताना असे मजकुराचे असंख्य तुकडे क्षणभरासाठी तयार होतात. प्रोग्रॅमरांच्या भाषेत त्यांना स्ट्रिंग म्हणतात. त्यांना जागा कुठे द्यायची, ती कुणी मोकळी करायची आणि केव्हा, हा प्रश्न सी भाषेइतकाच जुना आहे.

उदाहरणासाठी एक छोटा प्रोग्रॅम डोळ्यांसमोर आणू. रिसोडचा बाजार सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचा. समजा, वर्षभराच्या आवकेची एक साधी मजकूर-फाइल आहे. तिच्या प्रत्येक ओळीत तारीख, शेतकऱ्याचे नाव, गाव, शेतमाल, वजन आणि भाव. आपला प्रोग्रॅम कमांड लाइनवर चालतो: नाव टाइप केले, एंटर दाबले, त्याने फाइल वाचली, गावनिहाय बेरजा छापल्या आणि तो संपला. खिडक्या नाहीत, बटणे नाहीत. एखाद्या सेकंदाचे काम.

त्या एका सेकंदात काय काय होते ते पाहू. आधी पूर्ण ओळ मेमरीत येते. तिचे सहा तुकडे होतात. गावाच्या नावाच्या आगेमागे टाइप झालेल्या मोकळ्या जागा काढून नवे नाव तयार होते. वजन देवनागरी अंकांत लिहिलेले असेल, तर सीचे अंक वाचणारे नेहमीचे फंक्शन ते ओळखत नाही. म्हणून त्याची इंग्रजी अंकांतली प्रत आधी करावी लागते. ओळीत चूक सापडली, तर फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक आणि चुकीचा मजकूर जोडून एक सूचना बनते. यातल्या बहुतेक स्ट्रिंग पुढची ओळ येण्याआधीच निरुपयोगी होतात. गावाचे नाव मात्र शेवटपर्यंत लागते, कारण बेरीज त्याच्या नावावर जमा होत असते.

नवशिक्या प्रोग्रॅमरच्या मनात पहिला प्रश्न येतो तो जागेच्या आकाराचा: किती बाइट राखू? माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ही स्ट्रिंग किती वेळ लागणार आहे? याचे उत्तर नेमके मिळाले की आकाराचा प्रश्न बराचसा सुटतो आणि मोकळे करण्याचा प्रश्नही हाताबाहेर जात नाही.

डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्समध्ये सी भाषा घडवली, तेव्हा तिच्यात मजकुरासाठी वेगळा प्रकार ठेवला नाही. मजकूर म्हणजे ओळीने ठेवलेले बाइट आणि शेवटी शून्य, एवढेच. ही जागा तीन ठिकाणी मिळू शकते आणि प्रत्येक ठिकाणाचे आयुष्य ठरलेले असते.

पहिले ठिकाण स्टॅक. फंक्शन सुरू झाले की त्याच्या आतल्या ॲरेला जागा मिळते आणि फंक्शन संपले की ती जाते. काहीही मोकळे करावे लागत नाही, वेगही उत्तम. पण लिनक्सवर हा स्टॅक साधारणपणे ८ एमबीचाच असतो, आणि मुख्य म्हणजे फंक्शन संपल्यावर तिथल्या मजकुराचा काही भरवसा नाही. फंक्शनच्या आत ॲरे घ्यायचा, त्यात गावाचे नाव नीट करायचे आणि त्या ॲरेचा पत्ता परत पाठवायचा, ही चूक विदर्भातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सी शिकणाऱ्या प्रत्येक तुकडीत होते. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकावरून भारतातले कितीतरी विद्यार्थी पॉइंटर शिकले. पॉइंटरची व्याख्या त्यांना पाठ असते. पण पत्ता हातात असणे आणि त्या पत्त्यावर अजून कुणी राहत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा प्रोग्रॅम बिघडल्यावरच अंगवळणी पडते. ही चूक लबाडही असते. कधी कधी जुना मजकूर त्या जागी अजून तसाच पडलेला असतो, नाव बरोबर छापले जाते आणि चाचणी पार पडते. दुसऱ्या दिवशी मधे एक नवे फंक्शन घातले की नावाच्या जागी भलतेच काही येते.

दुसरे ठिकाण स्टॅटिक, म्हणजे प्रोग्रॅम सुरू असेपर्यंत कायम राहणारी जागा. सीच्या जुन्या फंक्शनांनी तिचा सढळ वापर केला. तारीख-वेळ मजकुरात लिहून देणारे ‘एएससी टाइम’ हे फंक्शन २६ बाइटांची एकच कायमची जागा वापरते. पुन्हा बोलावले की आधीचे उत्तर पुसले जाते. दोन तारखा शेजारी शेजारी छापायला गेलात, तर एकच तारीख दोनदा छापली जाण्याचा धोका असतो. गिट या सर्वपरिचित साधनाच्या मूळ संहितेत यावर एक चतुर तोडगा आहे. नोंदीची लांबलचक खूण मजकुरात लिहून देणारे तिथले फंक्शन चार जागा आलटून पालटून वापरते. त्यामुळे एकाच ओळीत चार खुणा बिनधास्त छापता येतात. पाचवी मागितली की पहिली पुसली जाते. क्षणभराच्या छपाईसाठी हा तोडगा मला आवडतो, कारण त्याने आयुष्य स्पष्ट सांगितले आहे: पुढच्या चार हाकांपर्यंत. पण तो पत्ता कुणी तक्त्यात जपून ठेवला, तर चूक पकडणे महाकठीण.

तिसरे ठिकाण हीप. मॅलॉक म्हणून हवी तेवढी जागा मागायची आणि काम झाले की फ्री म्हणून परत करायची. इथे आयुष्य पूर्णपणे प्रोग्रॅमरच्या हाती आणि जबाबदारीही त्याचीच. किंमतही असते. ६४ बिटांच्या लिनक्सवर ग्लिबसी या लायब्ररीकडे ३५ बाइट मागितले, तर हिशेबाचे ८ बाइट धरून आणि १६च्या पटीत बसवून ४८ बाइट खर्ची पडतात.

या तिन्ही ठिकाणी जागा आधीच ठरवून ठेवली आणि मजकूर लांब निघाला, तर काय होते? १९८८च्या २ नोव्हेंबरला रॉबर्ट मॉरिस याने सोडलेला वर्म इंटरनेटवर पसरला. तो ज्या वाटांनी शिरला त्यांपैकी एक होती युनिक्सच्या फिंगर सेवेत ठेवलेली ५१२ बाइटांची जागा. ती ‘गेट्स’ या फंक्शनने भरली जात होती. येणारी ओळ किती लांब आहे, हे ते फंक्शन पाहतच नव्हते. जास्तीचे बाइट शेजारच्या मेमरीवर लिहिले गेले आणि त्यातून हल्लेखोराची संहिता चालली. ते फंक्शन २०११च्या सी११ मानकातून शेवटी काढून टाकले गेले. धडा मिळाल्यानंतर २३ वर्षांनी.

आज शहाणा प्रोग्रॅमर मर्यादा सांगणारी फंक्शने वापरतो: ३२ बाइटांची जागा आहे, त्यापलीकडे लिहू नकोस. पण देवनागरीत यातूनही एक फट उरते. ३२ बाइटांत शून्य सोडून ३१ उरतात. ‘लोणी’ आणि मोकळी जागा मिळून १३, उरलेल्या १८ बाइटांत बरोबर सहा चिन्हे. म्हणजे नाव ‘लोणी बुद्रु’ असे छापले जाते. क गळाला, पण कुठे चौकोन नाही, प्रश्नचिन्ह नाही, वाचणाऱ्याला वाटते टाइप करणाऱ्यानेच चूक केली. हीच जागा ३० बाइटांची असती, तर पाच चिन्हांनंतर उकाराचा एकटा तुटका बाइट उरला असता आणि पडद्यावर विचित्र खूण उमटली असती. मला ३२ बाइटांची चूक अधिक घातक वाटते, कारण ती नीटनेटकी दिसते. एका ठिकाणी पूर्ण नाव आणि दुसऱ्या ठिकाणी छाटलेले नाव राहिले, की त्याच गावाच्या दोन बेरजा निघतात.

ही लांबी नेहमी अशी नव्हती. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि तिथल्या जिस्ट तंत्रज्ञानातून भारतीय लिप्या भारतभरच्या कार्यालयांत पोचल्या, तेव्हा वापरात होती इस्की ही संकेतपद्धत. तिचे भारतीय मानक १९९१चे. तिच्यात एका चिन्हाला एक बाइट. लोणी बुद्रुकला १२ बाइट पुरत. त्या काळच्या सवयीने आखलेल्या जागा पुढे यूटीएफ-८ आल्यावर अपुऱ्या पडल्या. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२मध्ये आखलेली ही पद्धत इंग्रजीला १ बाइट देते आणि देवनागरीला ३. माझी यूटीएफ-८बद्दल तक्रार नाही. जगातल्या सगळ्या लिप्या एका फाइलीत सुखाने नांदतात, हे काही थोडे नाही. मात्र मराठी मजकूर हाताळणाऱ्याने ‘अक्षरे मोजून जागा राखणे’ ही कल्पनाच सोडून द्यावी. लांबी मोजावी, तेवढी जागा मागावी.

निष्काळजीपणावर पहारा ठेवणारी साधनेही आहेत आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा आहे. लिनक्सच्या ग्लिबसी या मूळ लायब्ररीवर पुण्यात राहून वर्षानुवर्षे काम केलेले सिद्धेश पोयरेकर यांनी ‘फॉर्टिफाय सोर्स’ या संरक्षणाची तिसरी पातळी घडवण्यात पुढाकार घेतला. आधीच्या पातळ्या जागेचा आकार कंपाइल करतानाच ठाऊक असेल तेव्हाच तपासणी करू शकत. जीसीसी या कंपायलरच्या २०२२च्या बाराव्या आवृत्तीपासून, प्रोग्रॅम चालताना ठरलेल्या आकाराचीही तपासणी होऊ लागली. मॅलॉकने घेतलेल्या ३२ बाइटांत कुणी लोणी बुद्रुक उतरवू लागला, आणि कंपायलरला त्या जागेचा माग काढता आला, तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो. शेजारची मेमरी गुपचूप बिघडण्यापेक्षा हे शंभरपट बरे.

आता आयुष्याकडे वळू. आपल्या प्रोग्रॅममध्ये तीन आयुष्ये आहेत. गावांची नावे आणि बेरजा शेवटपर्यंत जगतात. ओळीचे तुकडे एका ओळीपुरते. चुकीची सूचना छापून होईपर्यंत. हे तिन्ही गट एकाच मॅलॉकच्या पोत्यात टाकले आणि प्रत्येक तुकड्यामागे आठवणीने फ्री लिहायचे ठरवले, तर काम अवघड होते. ओळ अर्ध्यात चुकीची निघाली आणि फंक्शन मधूनच परत फिरले, की त्या क्षणापर्यंत तयार झालेले तीन तुकडे मोकळे करायचे आणि अजून न झालेले दोन सोडायचे, असा हिशेब प्रत्येक फाट्यावर करावा लागतो. हा हिशेब माणसाकडून चुकतोच.

मग काहीच मोकळे केले नाही तर? प्रश्न गंभीरपणे विचारण्यासारखा आहे. प्रोग्रॅम संपला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याची सगळी मेमरी परत घेते. स्टॅक, हीप, सगळे. एक लाख ओळी, दर ओळीमागे पाच तुकडे आणि प्रत्येकी ४८ बाइट धरले, तर २ कोटी ४० लाख बाइट होतात, म्हणजे साधारण २४ एमबी. आजच्या कुठल्याही संगणकाला हे जाणवणार नाही. डी भाषेचे कर्ते वॉल्टर ब्राइट यांनी आपला डीएमडी कंपायलर याच विचाराने लिहिला होता: कंपायलर थोडा वेळ चालतो, वेग महत्त्वाचा, म्हणून मेमरी मागत जायची आणि परत करायचीच नाही. २०१३मध्ये त्यांनी हे उघडपणे सांगितले. मला यात काही गैर वाटत नाही. जिथे आयुष्य प्रोग्रॅमइतकेच आहे तिथे शेवटच्या क्षणी हजारो फ्री म्हणणे म्हणजे नुसता वेळ घालवणे. पण डीएमडीलाही पुढे याची झळ बसली. मोठे आणि गुंतागुंतीचे प्रोग्रॅम कंपाइल करताना त्याची मेमरीची भूक वापरणाऱ्यांच्या तक्रारीचा विषय झाली.

त्यामुळे ‘छोटा प्रोग्रॅम आहे, चालते’ हे उत्तर आकडेमोड केल्याशिवाय देऊ नये. आपल्याच उदाहरणात असे एक ठिकाण आहे. समजा अहवाल छापण्याआधी तो मेमरीत एक मोठी स्ट्रिंग म्हणून जोडत न्यायचा आहे. सोपी पद्धत: जुना अहवाल आणि नवी ओळ मिळून नवी जागा मागायची, दोन्ही तिथे उतरवायचे, जुनी जागा तशीच सोडायची. ओळ १०० बाइटांची आणि ओळी १०,००० धरा. शेवटचा अहवाल फक्त १० लाख बाइटांचा. पण वाटेत सोडलेल्या प्रती धरून मागितलेल्या सगळ्या जागांची बेरीज ५०० कोटी ५ लाख बाइट होते. म्हणजे ५ जीबीच्या आसपास. ४ जीबी मेमरीचा जुना संगणक इथे गुडघे टेकतो. ओळीच्या तुकड्यांची गळती ओळींच्या संख्येबरोबर सरळ वाढते. इथली गळती संख्येच्या वर्गाने वाढते. पहिलीकडे दुर्लक्ष करता येते, दुसरीकडे नाही. दोन्ही गळत्यांना एकच नाव असल्यामुळे लोक एकतर दोन्हींना घाबरतात किंवा दोन्हींकडे पाठ फिरवतात.

यावर उपाय दोन. १२८ बाइटांपासून सुरुवात करून जागा संपली की दुप्पट मागायची आणि जुनी परत करायची. १३ वेळा दुप्पट केले की १० लाख ४८ हजार ५७६ बाइट होतात आणि सगळा अहवाल त्यात बसतो. दहा हजार वेळा उतरवण्याचे काम तेरा वेळांवर येते. गिटमधली स्ट्रबफ ही व्यवस्थाही अशीच पटीने वाढते. दुसरा उपाय त्याहून साधा: अहवाल छापायचाच असेल तर तो जोडायचा कशाला? तुकडे जसे तयार होतील तसे सरळ आउटपुटला लिहावेत. सीची लायब्ररी ते स्वतःच्या बफरमध्ये गोळा करून एकदम पाठवते. जी तात्पुरती स्ट्रिंग बनवलीच नाही तिची काळजी करावी लागत नाही.

ओळीपुरत्या तुकड्यांसाठी सर्वांत समाधानकारक व्यवस्था म्हणजे अरीना. एक मोठा ठोकळा, समजा ६४ केबीचा, सुरुवातीला एकदाच मागून घ्यायचा. स्ट्रिंग हवी असली की त्यातला पुढचा भाग द्यायचा आणि खूण तेवढी पुढे सरकवायची. मजकुराला पत्त्याच्या विशेष पटीत बसण्याची गरज नसते, त्यामुळे लोणी बुद्रुकला इथे ४८च्या जागी बरोबर ३५ बाइट लागतात. एकेक तुकडा मोकळा करण्याची सोयच नसते. ओळीचे काम संपले की खूण पुन्हा सुरुवातीला आणायची. शाळेतल्या पाटीवर गणित सोडवून झाले की आपण एकेक आकडा खोडत बसत नाही, सगळी पाटी एकदम पुसतो, अरीना तसाच. ओळ अर्ध्यात चुकीची निघाली तरी बिघडत नाही. तुकडे दोन झाले होते की पाच, हे कुणी विचारत नाही. ठोकळा भरला तर दुसरा मागून पहिल्याला जोडायचा. एखादी अवाढव्य ओळ आली तरी प्रोग्रॅम कोलमडत नाही.

ही कल्पना नवी नाही. डेव्हिड हॅन्सन यांनी १९९०मध्ये याच विषयावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला: वस्तूंना त्यांच्या आयुष्यानुसार गटांत ठेवायचे आणि गट एकदम मोकळा करायचा. त्यांनी आणि ख्रिस फ्रेझर यांनी लिहिलेल्या एलसीसी या सीच्या कंपायलरमध्ये हीच पद्धत होती. ग्नूच्या ऑबस्टॅकमध्ये तिचे जुळे भावंड सापडते. अपाची वेब सर्व्हरने प्रत्येक विनंतीसाठी स्वतंत्र पूल ठेवला, विनंती संपली की पूल रिकामा.

कमांड लाइनच्या जगात मात्र या शिस्तीचा सर्वांत देखणा वापर मला संहितेच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सबव्हर्जनमध्ये दिसतो. गिट सर्वत्र होण्याआधी, २०००च्या दशकात, कंपन्यांमधल्या प्रोग्रॅमरांची रोजची हाताळणी याच साधनाशी होती. त्याची १.० आवृत्ती २००४ची. ते अपाचीचेच पूल वापरते. त्याच्या संहितेत अनेक फंक्शनांना शेवटी दोन पूल दिलेले दिसतात. एकाचे नाव रिझल्ट पूल, दुसऱ्याचे स्क्रॅच पूल. उत्तर रिझल्ट पूलमध्ये तयार करायचे, वाटेतली सगळी खरकटी स्क्रॅचमध्ये. म्हणजे उत्तर किती काळ जगणार हे उत्तर देणारा ठरवत नाही. ज्याला उत्तर हवे आहे तो ठरवतो. या एका निर्णयाने पुष्कळ गोंधळ मिटतो. गावाचे नाव नीट करणाऱ्या आपल्या फंक्शनला ते नाव फक्त तुलनेसाठी हवे की तक्त्यात कायम ठेवायचे, हे कळायचा मार्ग नसतो. बोलावणाऱ्याला ते ठाऊक असते. तुलनेसाठी हवे असेल तर तो ओळीचा अरीना देतो, तक्त्यासाठी हवे असेल तर कायमचा. फंक्शन तेच राहते.

सबव्हर्जनमध्ये लूपसाठी आणखी एक पूल ठेवतात, इटर पूल. आणि तो लूपच्या प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला रिकामा करायचा असा तिथला रिवाज आहे. सुरुवातीला का? कारण फेरीच्या मध्यात एखादी ओळ सोडून द्यायची ठरले, की प्रोग्रॅम शेवटच्या वाक्यापर्यंत जातच नाही, थेट पुढच्या फेरीकडे वळतो. साफसफाई शेवटी लिहिली असती तर ती अशा प्रत्येक ओळीला चुकली असती. सुरुवातीला लिहिली की कुठलीही वाट घ्या, पुढची फेरी रिकाम्या जागेवरच सुरू होते. लूप संपल्यावर शेवटच्या फेरीचा कचरा तेवढा एकदा काढावा लागतो.

कुणी म्हणेल, हे सगळे कशाला? जावा किंवा पायथनमध्ये लिहा, मोकळे करण्याचे काम भाषाच करेल. आवकेच्या अहवालासाठी मीही बहुधा पायथनच निवडेन. पण आयुष्याचा प्रश्न तिथेही सुटत नाही, नुसता नजरेआड होतो. कचरा गोळा करणारी यंत्रणा एवढेच पाहते की या वस्तूपर्यंत अजून कुणाचा पत्ता पोचतो का. पुढे ती कधी वापरली जाणार आहे का, हे तिला दिसत नाही. मुंबईच्या आयआयटीतले उदय खेडकर आणि अमिताभ सन्याल यांनी अमेय करकरे यांच्यासह २००७मध्ये नेमक्या या फटीवर काम प्रसिद्ध केले. प्रोग्रॅमची संहिता चालवण्याआधीच तपासायची आणि कुठल्या टप्प्यानंतर कुठले पत्ते कधीच वापरले जाणार नाहीत हे शोधायचे. ते पत्ते तिथेच रिकामे करणारी वाक्ये संहितेत घालायची, म्हणजे कचरा गोळा करणाऱ्याला त्या वस्तू लवकर उचलता येतात. आयुष्य आणि पोच या दोन गोष्टींमधला फरक त्यांनी गणितात बसवला. सीमध्ये अरीना आखणारा प्रोग्रॅमर तोच विचार हाताने करत असतो.

हाताने करायचा म्हणजे तपासायलाही हवा. व्हॅलग्राइंड हे साधन २००२पासून प्रोग्रॅमरांच्या हाती आहे. ते गळतीचे प्रकार सांगते आणि त्यातला फरक ओळखणे गरजेचे आहे. ‘स्टिल रीचेबल’ म्हणजे प्रोग्रॅम संपताना जागा हातात होती, परत केली नाही. गावांच्या तक्त्यासाठी हे निर्धास्तपणे सोडून द्यावे. ‘डेफिनिटली लॉस्ट’ म्हणजे पत्ताच हरवला. अशी नोंद लूपच्या आतून येत असेल तर मूळ कारण शोधल्याशिवाय उठू नये. याहून सोपी चाचणी म्हणजे ग्नूच्या टाइम आज्ञेने प्रोग्रॅम चालवून मेमरीचा सर्वोच्च आकडा पाहणे. मग तीच फाइल दहा वेळा एकापुढे एक जोडून पुन्हा चालवायचे. ओळी दहापट झाल्या, गावे तेवढीच राहिली; तो आकडा जवळपास तसाच राहायला हवा.

अरीनाची एक चूक मात्र या दोन्ही चाचण्यांना दिसत नाही. ओळीच्या अरीनातल्या नावाचा नुसता पत्ता तक्त्यात ठेवला आणि ओळ संपल्यावर अरीना रिकामा केला, तर ठोकळा प्रोग्रॅमच्याच मालकीचा असल्याने व्हॅलग्राइंडला त्यात गैर काही सापडत नाही. त्यासाठी चाचणीच्या काळात अरीना रिकामा करताना त्यातला वापरलेला भाग एखाद्या ठरावीक निरर्थक बाइटने भरून टाकावा. दोन ओळी पुढे सरकताच लोणी बुद्रुकच्या जागी तो कचरा छापला गेला, की नाव कायमच्या जागेत उतरवून घ्यायचे राहिले आहे हे पहिल्याच खेपेला कळते.